नमुन्याच्या डाळीचं वरण

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कधीच जागेवर नसतं, आणि अक्षर असं की किराणावाल्याला यादी दिली तर तो ती आधी उलटी धरून पाहतो. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. लेक तिच्या ऑफिसातून एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणते. त्यांच्या पाठीवर दुपारी भांडी झाली की मी लिहिते. कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिता तरी येतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लग्नात मला नाव घ्यायला सांगितलं, तर मी इतका वेळ मुकाट उभी राहिले की शेवटी कंटाळून नवऱ्यानेच माझा उखाणा घेतला.

आम्ही अकोल्याला राहतो, पण शहराच्या पार टोकाला, जिथे डाळीच्या मिल आहेत त्या औद्योगिक वसाहतीला लागून. दिवसभर तुरीच्या फोलाची भुकटी उडते. पांढरा सदरा वाळत घातला तर संध्याकाळी तो हळदीच्या कार्यक्रमाहून आल्यासारखा दिसतो. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, याच वसाहतीत एका मिलमध्ये डाळ निवडून म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा आवाज मिलच्या मशीनच्याही वर जायचा. आता मशीन नाही, पण आवाज तेवढाच ठेवलाय. त्यांच्या वाट्याचं सगळं बोलणं त्या बोलतात आणि माझ्याही वाट्याचं त्याच बोलतात, त्यामुळे घरात तसं काही अडत नाही.

तर आमच्या वसाहतीत एका बंद गोडाउनमध्ये कॉलेजवाल्यांनी केंद्र उघडलं. मुख्य ऑफिस अमरावतीला, हे इथलं पिल्लू. नाव एवढं लांब होतं की पेंटरची भिंत संपली. शिक्षण झालं, संशोधन झालं, 'समाज' लिहिता लिहिता कोपरा आला आणि 'क्षमता विकास केंद्र' वळून गल्लीत गेलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटे, हे समाजाचं काहीतरी आहे, लग्नं लागत असतील. पहिल्याच आठवड्यात दोघंजण हॉल कितीला पडेल विचारून गेले.

केंद्राचे सर तरुण होते आणि फार मनापासून बोलायचे. पहिल्या सभेत ते म्हणाले, "कारखाने तुमच्या दारात आहेत, पण त्यातलं ज्ञान तुमच्यापर्यंत येत नाही. आपल्याला मिळून तुमची क्षमता वाढवायची आहे."

आत्याबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमची क्षमता काय वाढवता साहेब? मी या डोक्यावर पोतं घेऊन जिना चढत होतो. तुमी चढून दाखवा, मंग वाढवा."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घ्यायचे.

मग बायकांचा गट करायचा ठरला. अध्यक्ष कोण, यावरून दुपारभर भांडण झालं. ज्यांना व्हायचं होतं त्या एकमेकींना चालत नव्हत्या. मी कोणाविरुद्ध कधी एक शब्द बोलले नव्हते म्हणून सगळ्यांना चालले. मी त्या वेळी खाली पाहून सतरंजीचा दोरा ओढत होते. वर पाहिलं तर टाळ्या वाजत होत्या. 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तोवर शेजारची आपा हार घेऊन आली. आपाच्या नवऱ्याचं वसाहतीत वेल्डिंगचं दुकान आहे. ती कानात म्हणाली, "भाभी, मना मत करो. मी हार उधार आणला हाय, हारवाला वापस घेत नाई."

या सगळ्यात माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. माझी लेक बी.एस्सी. झाली होती आणि केंद्रात तिला प्रकल्प सहायक म्हणून घेतलं होतं. नोकरी तात्पुरती होती. पहिल्या वर्षाचं काम अमरावतीच्या समितीला पसंत पडलं तर पुढे ठेवणार, नाही तर राम राम. तिला चाकाची खुर्ची मिळाली होती. आमच्या घराण्यात चाकावर बसून पगार घेणारा माणूस म्हणजे फक्त माझा दीर, तो ऑटो चालवतो. लेक पहिल्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, "आई, खुर्ची गोल फिरते." मी रात्री तिच्यासाठी साखरभात केला. तिची खुर्ची टिकावी, एवढंच माझं त्या केंद्राकडे मागणं होतं.

लेकीचं काम होतं डाळीचं संशोधन. लहान मिलची डाळ घरात किती महिने टिकते, आणि आपल्या बायका ती टिकवायला जे करतात त्यातलं काय किती उपयोगाचं, हे सरांना पाहायचं होतं. आमच्याकडे कोणी डाळीला एरंडेल चोळतं, कोणी कडुनिंबाचा वाळला पाला घालतं, कोणी राखेत ठेवतं, कोणी देवाच्या भरोशावर तशीच ठेवतं. प्रत्येकीची पद्धत लिहून घेतली आणि तशी तशी डाळ काचेच्या बरण्यांत भरली. बरण्यांवर आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. अट एकच होती. बरण्या खऱ्याखुऱ्या घरात राहायला पाहिजेत, स्वयंपाकघरात, जिथे वाफ आणि धूर आहे. कोणाकडे उंदीर, कोणाकडे पोट्टे. शेवटी बायका अध्यक्षीणबाईच्या घरी ठेवा म्हणाल्या, आणि सगळ्या बरण्या आमच्या फळीवर आल्या. लेक दर महिन्याला एकेक बरणी उघडायची, ताटात पसरून किडे मोजायची आणि मोजलेले किडे परत आत टाकायची. आत्याबाईंना हे बघवत नसे.

"हे पोट्टी किडे पाळून राहिली वं," त्या मला म्हणायच्या. "आमी जलमभर काढले, हे वापस टाकते. शिकून येडी झाली."

या कामासाठी केंद्राने आमच्या गटाला उचल दिली होती. डाळ, बरण्या आणि वर्षभराची देखभाल, सगळं त्यात. डाळ घेतली, बरण्या घेतल्या, देखभालीचे पैसे बायकांनी वाटून घेतले. उरलेल्यात आपाच्या सांगण्यावरून गटाने एक भलंमोठं पातेलं घेतलं. "कधी तरी काम पडन," आपा म्हणाली. पातेल्याचा संशोधनाशी काय संबंध, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

वर्ष संपायला आलं आणि निरोप आला की अमरावतीची समिती नमुने तपासायला येणार. सरांनी घरी येऊन समजावून सांगितलं. "बाई, ते तुमच्या घरी येऊन डाळीचे नमुने तपासतील. फक्त चहा करा. बाकी काही नको."

आत्याबाई दारात लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं. तपासायला येणार, दुपारी येणार, आणि फक्त चहा. सर गेल्यावर त्या म्हणाल्या, "दुपारच्या पाव्हण्याले चहा पाजून लावते काय कोनी? अमरावतीवाले हायत. उद्या बडनेऱ्यापोवतर सांगत जातीन का अकोल्याचे लोक कंगाल हायत."

मी म्हटलं, "सर नको म्हणाले."

"सरायले आई नाई वाटते सांगाले." आणि रोडगे करायचं ठरलं.

परक्या गावच्या माणसाला सांगायचं तर रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. तो कुस्करायचा, वर तेल किंवा तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वरण भरपूर पाहिजे. रोडगा वरण पितो.

त्या दिवशी मी घरी नव्हते, हे पहिले सांगून ठेवते. अध्यक्ष म्हणून मला केंद्रात पाहुण्यांना फुलांचा गुच्छ द्यायचा होता. आठवडाभर मी त्याचीच धास्ती घेतली होती. समितीत एक ठेंगण्याशा, हसऱ्या मॅडम होत्या, त्या प्रमुख. आणि एक उंच सडपातळ साहेब होते, त्यांच्या काखेत फाइल. मी घाबरून गुच्छ ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हरने तो घेतला, नमस्कार केला आणि गाडीत पुढे ठेवून दिला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "योग्य माणसाला दिलात. त्यानेच आणलं आम्हाला."

सगळे घरी आले तर अंगणात धूर, पंगत मांडलेली, पत्रावळी, आणि चुलीवर गटाचं ते पातेलं. आपा वांग्याची भाजी ढवळत होती. सरांचा चेहरा पडला, पण वास असा सुटला होता की कोणी नको म्हणालं नाही. सगळे बसले. मी वाढायला लागले. हातात पळी आली तेव्हा गुच्छाचं विसरले.

वरणाला त्या दिवशी काहीतरी वेगळं होतं. मी एक भुरका मारला तर कुठेतरी लांबून कडुनिंबाची आठवण आली. वाटलं, घाबरल्यामुळे तोंड कडू झालं असेल.

मॅडम म्हणाल्या, "आजी, वरणाला चव फार वेगळी आहे. काय घातलंय?"

"काई नाई बाई. दाळच जातीची हाय."

फाइलवाले साहेब आधी 'मी दुपारी हलकं खातो' म्हणाले होते. त्यांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं, मग रोडगा कोरडा राहिला म्हणून तिसऱ्यांदा. आत्याबाईंनी प्रत्येक वेळी पळी काठोकाठ भरली. लेक सगळ्यांना पाणी देत होती आणि मधूनच माझ्याकडे पाहून हसत होती. तिला वाटत होतं, झालं आता, खुर्ची पक्की.

हात धुऊन झाले. सरांनी घसा साफ केला. "तर मॅडम, आता आपण नमुने पाहू."

सगळे स्वयंपाकघरात शिरले. फळी मोकळी होती.

मागच्या दारातून न्हाणीजवळचा दगड दिसतो. त्या दगडावर, एका पोत्यावर, सगळ्या बरण्या स्वच्छ घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. चिठ्ठ्या पण खरवडून काढल्या होत्या. काच अशी लखलखत होती की बघणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप यावी.

लेक म्हणाली, "आजी. बरण्यातली डाळ?"

"पोटात."

"कोणाच्या?"

आत्याबाईंच्या हातात अजून पळी होती. त्या पळीने त्यांनी एकेकाकडे दाखवलं. "याच्या, त्याच्या, बाईच्या, तुह्या सरायच्या. अन या साहेबायनं तं तीनदा घेतली."

सरांनी दाराची चौकट धरली. आत्याबाईंना काही कळेना, सगळे असे काय उभे राहिले.

"काहून? काय झालं? तपासाले आले होते ना? मंग तपासली ना?" त्यांनी सगळ्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. "साहेब, मी मिलमदी होतो तवा शेठ सांगे, पार्टी येऊन राहिली, नमुन्याची दाळ टाक शिजाले. पार्टी येये, वरण खाये, अन भाव सांगे. शिजवल्याबिगर दाळ पास होते काय कुठं? दाळीचं तोंड पाहाले थोडी येते कोनी!"

खरंच होतं ते. आमच्या वसाहतीत डाळीचा नमुना शिजवूनच तपासतात. व्यापारी आला की मिलच्या मागच्या बाजूला स्टोव्ह पेटतो. डाळ निवडता निवडता आत्याबाईंनी जन्मभर तेही काम केलं. फक्त या वेळी बरण्या, आकडे आणि वर्षभर मोजलेले किडे हेच तपासायचे होते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायचं काम माझं होतं असं पुढे सगळे म्हणाले. मी सांगणार होते. त्या बोलायच्या थांबल्या की सांगणार होते.

फाइलवाल्या साहेबांनी हळूच विचारलं, "सगळ्या बरण्या एकत्र केल्या?"

"मंग? वाटी-वाटी कोन शिजवत बसते? राखेतली दाळ चार पान्यानं धुतली, पाला काढून फेकला."

"आणि त्यात कीड किती होती?"

या प्रश्नावर मात्र आत्याबाई पेटल्या. "माह्या वरनात किडे? बोलाले लाज वाटू द्या साहेब! एक एक दाना निवडून घेतला मी. निंघाले ते कोंबड्यायले टाकले."

लेकीचं वर्षभराचं काम अर्धं समितीने खाल्लं होतं आणि अर्धं कोंबड्यांनी. मॅडम तोंडाला पदर लावून अंगणात गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. आपा म्हणाली, "नाही भाभी, हस रही है. चांगली बाई हाय."

पण हसण्याने कागद भरत नाहीत. पंधरवड्यात अमरावतीहून पत्र आलं. नमुने नष्ट झाल्याने गटाने पूर्ण उचल परत करावी. न केल्यास हे काम बंद करण्यात येईल आणि सहायकाचं पद पुढे चालणार नाही. गटाच्या अध्यक्षांनी बैठकीला येऊन बाजू मांडावी.

लेक आजीशी बोलत नव्हती. आजीला ते कळतच नव्हतं, कारण आजी बोलत असताना दुसऱ्याने बोलायची गरज नसायची. शेवटी कळलं तेव्हा त्या दोन दिवस चुपचाप बसल्या. घर इतकं शांत झालं की शेजारून आपा पाहायला आली, कोणी गेलं तर नाही ना.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी येतो अमरावतीले. मी सांगतो त्यायले."

"नको!" मी, लेक आणि लेकीचे बाबा एकदम म्हणालो. आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालेला हा एकच प्रसंग मला आठवतो.

मग मीच निघाले. लेक सोबत होती, पण तिला बैठकीत बोलायची परवानगी नव्हती. आत्याबाईंनी निघताना डबा दिला. डबा कसला, चार पुडांचा मोठा टिफिन आणि वर एक पिशवी, तीत वाट्या आणि पळी. "रस्त्यात खाय. रिकाम्या पोटी मानूस खोटं बोलते."

बसमध्ये मी एक वाक्य पाठ केलं. 'आम्ही सगळे पैसे परत करू, पण मुलीला कामावर ठेवा.' मूर्तिजापूर येईपर्यंत मला ते नीट म्हणता यायला लागलं. बडनेऱ्याला तर मी ते तालावर म्हणत होते. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून विचारलं, "कोणाला म्हणता बाई? मी नाही काढलं कोणाला."

बैठकीच्या खोलीत गार हवेचं मशीन होतं आणि टेबल एवढं लांब की पलीकडच्या माणसाचं तोंड मला ओळखू येईना. मॅडम म्हणाल्या, "बोला ताई." मी उभी राहिले. वाक्य होतं, अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात एक शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला. माझ्या तोंडून निघालं, "मुलीला कामावर ठेवा." पण ते मी त्याला म्हणाले. तो घाबरला. म्हणाला, "मी स्वतःच रोजंदारीवर आहे ताई." मी खाली बसले.

मग फाइलवाले साहेब बोलू लागले. नमुने कसे नष्ट झाले याचं कारण अहवालात लिहावंच लागेल, म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "लिहा ना. 'समितीने नमुने खाल्ले.'"

"तसं कसं लिहिता येईल मॅडम?"

"मग कोणी खाल्ले लिहायचं? किती वेळा, तेही लिहायचं का?"

साहेबांनी फाइलचं पान उलटवलं. ते बराच वेळ उलटवत होते. ज्याची डाळ तीनदा खाल्ली त्याच्यावर कडक शेरा लिहायला हात जड होत असावा. पण पैशाचं ते सोडायला तयार नव्हते. हिशेब म्हणजे हिशेब, म्हणाले, आणि ते खरंही होतं. मग जेवणाची सुट्टी झाली.

सगळ्यांना कागदी डबे वाटले. थंड पुऱ्या, त्यावर बटाट्याची भाजी चिकटलेली. मी आणि लेक कोपऱ्यात बसलो आणि आत्याबाईंचा टिफिन उघडला. रोडगे अजून कोमट होते. वास खोलीभर पसरला. कागदी डब्यांची झाकणं एकेक करून परत लागली. फाइलवाले साहेब पाणी प्यायच्या निमित्ताने आमच्याजवळ आले आणि टिफिनकडे पाहत उभे राहिले.

"हे तेच का?"

"नाही साहेब," मी म्हणाले, "ही दुकानातली डाळ आहे." एखाद्या अधिकाऱ्याशी आयुष्यात मी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मी त्यांना वाढलं. मग मॅडमना वाढलं. मग दोघं-तिघं आणखी आले. आत्याबाईंनी एवढं का दिलं होतं ते तेव्हा कळलं. पळी हातात होती, मी खाली वाटीकडे पाहत होते, कोणाच्या तोंडाकडे बघायचं काम नव्हतं. माझी जीभ आपोआप सुटली.

"साहेब, पैसे आम्ही सगळे फेडू. आमच्याकडे मोठं पातेलं आहे. केंद्रात शिबिरं होतात, तिथे असेच थंड डबे येतात. ते जेवण आम्ही बनवू. आमच्या बिलातून तुम्ही उचल कापून घ्या. एक पैसा ठेवणार नाही. पण पोरीला काढू नका, तिने काही केलं नाही. ती तर किडेसुद्धा मोजून परत टाकायची." आणि जीभ सुटलीच होती म्हणून पुढे म्हणाले, "आणखी वरण घ्या."

लेक माझ्याकडे पाहतच राहिली. तिच्या हातातला रोडगा तसाच होता.

मॅडमनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. जेवणाचं काम गटाला. अर्धं बिल उचलीत जमा. डाळीचं काम पुन्हा पहिल्यापासून. लेकीला महिन्या-महिन्याची मुदत, आणि उचल पूर्ण फिटली की वर्षाची. साहेबांनी लिहून घेतलं, एका हाताने, कारण दुसरा भरला होता.

मग सुरू झालं. केंद्रात वेल्डिंगच्या पोरांचं शिबिर असो की बायकांचं पॅकिंगचं, दुपारी आमचं पातेलं हजर. सुरुवातीला बिल करायची मला भीती वाटे, मग लेकीने शिकवलं. तशी मी पण केंद्रात शिकलेच म्हणायची. आपा भाजीची, मी वरणाची, बाकीच्या रोडग्यांच्या. शिबिरांना गर्दी वाढली. सर खूश झाले, त्यांनी वहीत लिहिलं की वसाहतीत शिकण्याची ओढ वाढते आहे. आपा म्हणाली, "लिहू दे. दिल नको तोडू त्याचा."

डाळीच्या नव्या बरण्या पुन्हा आमच्याच स्वयंपाकघरात आल्या. सर म्हणाले, घर तेच पाहिजे. या वेळी त्यांना कुलपाचं कपाट केलं आणि किल्ली कोणाकडे ठेवायची यावर चर्चा झाली. लेक म्हणाली, आजीकडे. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "आजीच्या हातून किल्ली काढणारा अजून जन्मला नाही."

तिचं बरोबर निघालं. आत्याबाईंनी किल्ली कमरेला बांधली. लेकीशिवाय कोणाला कपाटाजवळ फिरकू दिलं नाही. एकदा सर स्वतः आले आणि म्हणाले, आजी, जरा एक बरणी बघू द्या.

"नाई."

"अहो आजी, मी केंद्राचा प्रमुख आहे."

"मांगच्या खेपीले तुमीच तं खाल्ली," आत्याबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आजी-नात पुन्हा बोलायला लागल्या. म्हणजे आजी बोलते, नात ऐकते. किडे मोजताना आजी आता शेजारी बसते आणि एखादा निसटला तर ओरडते, "तो पाय, तो पयाला, लिही त्याले!"

परवा उचलीचा शेवटचा हप्ता होता. शिबिर पंपदुरुस्तीचं होतं. हिशेबाचे बाबू दरवेळी आधी जेवतात आणि मग लिहितात, कारण उपाशीपोटी बेरीज चुकते म्हणे. त्या दिवशीही ते आधी जेवले. लेकीच्या वर्षाच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्याच फाइलमध्ये होता, पावतीची वाट पाहत पडलेला. आत्याबाई मुद्दाम आल्या होत्या. त्या बाबूंच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

"झालं काय हो?"

"झालं आजी."

"काई बाकी?"

"काही नाही."

"अन पातेलं?"

"पातेलं तुमचंच."

बाबूंनी हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, पण नीट पुसला गेला नाही. मुदतवाढीचा कागद त्यांनी लेकीला दिला. ती तो घेऊन तिच्या खुर्चीत बसली आणि एकदा गोल फिरली. मला त्यांनी पावती दिली. खाली सही आहे आणि सहीच्या शेजारी वरणाचं पिवळं बोट उमटलंय. वर लिहिलंय, संपूर्ण रक्कम मिळाली.